क्षणभंगुर ऋण रेणूंचें गणित

आपण श्वासाबरोबर जो नत्रवायु आंत घेतों, त्याच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन कायमचा सांभाळतां येत नाहीं. परंतु सुमारें २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन येऊन आदळला, तर तो लगेच निघून न जातां क्षणभर तेथें अडकतो. हा क्षण तरी केवढा? सेकंदाचे शंभर लक्ष कोटि भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही लहान! या अल्पायुषी ऋण आयनाच्या स्थितीस अनुनाद-स्थिति म्हणतात.

ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. कॅनडांतील शेरब्रुक येथील संशोधकांनीं २००० सालीं दाखविलें कीं, ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे मंद इलेक्ट्रॉन अशाच मुक्कामांतून डीएनएचे धागे तोडूं शकतात. आणि क्षकिरणांमुळें शरीरांत असे इलेक्ट्रॉन विपुल निर्माण होतात. म्हणून हा मुक्काम कोणत्या ऊर्जेवर घडतो व किती टिकतो, हें अचूक काढावें लागतें.

नेहमींच्या रीतींत गणकयंत्राला सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधावयास सांगतात. यंत्र बिचारें आज्ञाधारक! इलेक्ट्रॉन रेणूपासून दूर नेला कीं ऊर्जा घटते, म्हणून तें त्याला दूर घालवितें आणि जो आयन शोधावयाचा तोच नाहींसा होतो. इलेक्ट्रॉनला पळण्यास जागाच ठेविली नाहीं, तर पांच दशांश स्थळांपर्यंत सुबक आंकडा मिळतो, पण त्यावर विसंबतां येत नाहीं.

१९७० साली हॅझी व टेलर यांनीं एक युक्ति तपासून मांडली. रेणु जणुं पेटींत ठेवावा आणि पेटी हळूहळू मोठी करीत जावें. मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा त्याबरोबर खालीं घसरतात. जी जवळजवळ जागची हलत नाहीं, ती अनुनादाची.

दुसरी रीत मला अधिक आवडते. ध्वनिक्षेपणाच्या या खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारें अस्तर आहे, म्हणून माझा शब्द उलटून येत नाहीं. तसेंच रेणूपासून दूर, इलेक्ट्रॉन शोषणारें एक गणिती अस्तर लावितात. तें उणे एकच्या वर्गमुळानें बनतें. ज्याचा उपयोग काय, असें मुलें वर्गांत नेहमीं विचारीत, तेंच हें! उत्तर सदसत् संख्येंत येतें. तिचा सत् भाग ऊर्जा सांगतो. असत् भाग जितका मोठा, तितकें आयुष्य तोकडें.

मात्र अस्तर फार पातळ असलें तर लाट मागें फिरते, फार जाड असलें तर तें स्वतःच भिंतीसारखें वागतें. म्हणून १९९३ सालीं या रीतीची चिकित्सा करणाऱ्या रिस व मायर यांच्या मार्गानें अस्तराची तीव्रता थोडी थोडी बदलून पाहतात, आणि उत्तर जेथें सर्वांत कमी सरकतें, तेथील आंकडा घेतात.