कुलदैवताची वारी, एआयच्या सोबतीने

इंदूर, देवास, बडोदा, ग्वाल्हेर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं कुलदैवत मात्र महाराष्ट्रात आहे. कुणाचा जेजुरीचा खंडोबा, कुणाची तुळजापूरची भवानी. घरात लग्न झालं की देवदर्शनाला जाऊन यायचं, हे ठरलेलंच. पूर्वी या प्रवासाची आखणी काका-आजोबा करायचे. रेल्वेचं वेळापत्रक, पंचांग आणि पुण्याच्या नातेवाइकांना एक पत्र, एवढ्यावर काम भागायचं. आता हे काम घरातल्या तरुण मंडळींकडे आलं आहे आणि त्यांच्या हाताशी एआय आहे.

हा मदतनीस कामाचा आहे, यात शंका नाही. ‘इंदूरहून सहा जण, त्यात दोन ज्येष्ठ, पाच दिवसांत जेजुरी आणि तुळजापूर’ असं साध्या मराठीत लिहिलं तरी मिनिटभरात दिवसवार आराखडा तयार होतो. आजीचे गुडघे दुखतात, हे सांगितलं तर जेजुरीच्या पायऱ्यांसाठी जास्त वेळ ठेवून तो बदलूनही मिळतो. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरही ‘आस्कदिशा’ हा मदतनीस २०१८ पासून आहे.

पण एआयचं उत्तर बरंचसं आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरातून घडतं. त्यामुळे नियम बदलला तरी जुनी माहिती तितक्याच ठामपणे समोर येऊ शकते. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी १ जुलै २०२५ पासून आधार पडताळणी लागते. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. सत्तरीच्या आजोबांना घेऊन निघायचं असेल, तर यातली एक चूकही महागात पडते. म्हणून आराखडा एआयकडून घ्यावा, पण तारीख, गाडी आणि नियम रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरच तपासावेत.

दुसरी काळजी पैशांची. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, सोमनाथचं अतिथीगृह अशा बुकिंगच्या नावाखाली बनावट संकेतस्थळांवर यात्रेकरूंची फसवणूक होत असल्याचा इशारा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. भक्तनिवासाचा पत्ता किंवा फोन नंबर कुठल्याही मदतनीसाने दिला, तरी तो देवस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळाशी ताडून मगच पैसे भरावेत. आधार क्रमांक आणि ओटीपी गप्पांच्या चौकटीत कधीही लिहू नये. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करावा.

आणि काही गोष्टी विचारल्याशिवाय एआय सांगेलच असं नाही. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. त्यातली एक शारदीय नवरात्राच्या आधी येते. त्या दिवसांत देवी सिंहासनावर नसते. अभिषेकाचा बेत करून गेलेल्या कुटुंबाला हे तिथे पोचल्यावर कळलं, तर सगळ्यांचाच हिरमोड होतो. जेजुरीत सोमवती अमावस्येला प्रचंड गर्दी उसळते. लहान मूल सोबत असेल तर तो दिवस टाळलेला बरा. हे सारं तिथीवर चालतं, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते.

हे घरातल्या आजीला ठाऊक असतं. आपल्या घरचा कुळाचार काय, तळी कधी भरायची, गोंधळ कुणाकडून घालून घ्यायचा, हे तर कुठल्याच संकेतस्थळावर नसतं. तेव्हा पुढच्या वेळी एआयला विचारायच्या आधी आजीजवळ अर्धा तास बसा आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. तेच टिपण एआयला दिलंत, तर आराखडाही चांगला होईल. आणि ती माहिती तुमच्या मुलांसाठीही जपली जाईल.