विमानाच्या पोटाखाली कोण दडलंय?

विमान दिसलं की आपण पंख बघतो, इंजिनं बघतो. पोटाकडे कोण बघतो? खरी गंमत तर तिथंच आहे. बोटभर उंचीची एक चपटी पट्टी. हा ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राचा अँटेना.

साधं रडार लहरी सोडतं. त्या विमानावर आपटून परत आल्या, की कळतं तिकडे काहीतरी आहे. पण कुठलं विमान? किती उंचीवर? ते काही कळत नाही. म्हणून दुसरं एक रडार असतं, अगदी हजेरी घेणाऱ्या बाईंसारखं. गोल फिरत ते 1030 मेगाहर्ट्झच्या लहरींवर विचारतं, आणि ट्रान्सपॉन्डर 1090 वर उत्तर देतो: हजर! सोबत आपला चार आकडी क्रमांक आणि उंचीही सांगतो. या क्रमांकात 8 आणि 9 कधीच नसतात बरं का! संकटातलं विमान 7700 लावतं.

1090 मेगाहर्ट्झची लहर साधारण साडेसत्तावीस सेंटिमीटर लांब असते. अँटेनाला तिचा पाव भाग पुरतो, म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर. म्हणून तो इतका चिमुकला!

रडार जमिनीवर, म्हणून अँटेना पोटाखाली. सरळ हिशेब. पण विमान वळताना एका कुशीवर कलतं ना? तेव्हा पोट रडारच्या उलट दिशेला जाऊ शकतं आणि मध्ये येतो धातूचा पंख नाहीतर धड. धातूतून या लहरी आरपार जात नाहीत. रडार विचारतं, विमान गप्प! कधी खाली सोडलेली चाकंही आड येतात. फायबरग्लासच्या ग्लायडरची अडचण वेगळीच. या अँटेनाला बुडाशी धातूचा पत्रा लागतो, मग तिथं तो मुद्दाम बसवावा लागतो.

मोठ्या विमानांत यावर झकास तोड आहे. एक अँटेना पोटाखाली, दुसरा पाठीवर. प्रश्न ज्याला जास्त जोरात ऐकू येतो, त्यातूनच ट्रान्सपॉन्डर उत्तर पाठवतो.

आता तर विमानांचे संदेश वरून जाणारे उपग्रहही ऐकतात. त्यांना पोटाखालच्या अँटेनाचा फारसा उपयोग नाही. म्हणूनच कॅनडाने 2023 पासून, खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांचा संदेश वरच्या दिशेनेही जायलाच हवा, असा नियम लागू केला.