यंत्रावरील कूलंट आणि कुटुंबाचे आरोग्य

लुधियाना, राजकोट, पुणे, कोइम्बतूर यांसारख्या शहरांत अनेक कामगार लेथ, मिलिंग व ग्राइंडिंग यंत्रांवर धातूचे सुटे भाग घडवितात. कापताना निर्माण होणारी उष्णता व घर्षण कमी करण्यासाठी त्यावर कूलंट सोडले जाते. पाण्यात मिसळलेले हे दुधी द्रावण निरुपद्रवी भासते. परंतु त्यात तेल, गंजरोधके व जंतुनाशके असतात.

त्रास कसा होतो?
हे द्रावण बहुधा अल्कधर्मी असते. वारंवार संपर्कामुळे त्वचेची स्निग्धता नाहीशी होऊन ती कोरडी पडते, भेगाळते. जंतुनाशके तसेच द्रावणात उतरलेले निकेल, कोबाल्ट यांची ॲलर्जी होऊ शकते. हवेत उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत गेल्यास दमा किंवा फुप्फुसांचा दाह संभवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये अशा तुषारांसाठी प्रति घनमीटर हवेत एकूण ०.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा सुचविली.

‘सुरक्षित’ म्हणजे काय?
रसायनाच्या रेणूची रचना पाहून त्याच्या विषारीपणाचा अंदाज आता संगणकाद्वारे बांधता येतो. घातक घटक आधीच वगळण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. तथापि हा अंदाज बहुधा एकेका शुद्ध रसायनाचा असतो. टाकीतील कूलंट मात्र मिश्रण असून वापरासोबत बदलते : त्यात जिवाणू वाढतात, यंत्राचे तेल व धातूचे कण मिसळतात. म्हणून नव्या डब्यावरील माहिती जुन्या, दुर्गंधीयुक्त कूलंटला लागू पडतेच असे नाही.

कामावर घ्यावयाची काळजी
• कूलंटचे सुरक्षितता माहितीपत्रक मागून घ्यावे.
• यंत्राचे झाकण व धूर-तुषार खेचणारा पंखा सुरू ठेवावा.
• हात साबण-पाण्याने धुवावेत. रॉकेल, पेट्रोल वा थिनर वापरू नये.
• फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत. हात ओढला जाऊ शकतो.
• तेलकट फडके खिशात ठेवू नये. कपडे दाबाच्या हवेने झटकू नयेत.

घरी घ्यावयाची काळजी
• कामाचे कपडे बदलूनच मुलांना जवळ घ्यावे.
• ते कपडे इतरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
हातांवर न बरे होणारे चट्टे, पुटकुळ्या, खोकला, धाप किंवा कामाच्या दिवशी वारंवार ताप येत असल्यास विलंब करू नये. सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो का, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. निदानासाठी ही बाब महत्त्वाची ठरते. खनिज तेलांमुळे होणाऱ्या त्वचाविकाराची नोंद कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होती. हा आजार कामगाराच्या अस्वच्छतेचा दोष नव्हे. तो लपवू नये.