घुगरी, जोडवी आणि एक स्टॅम्पपेपर

बाईच्या अंगावर दागिना कोण घालतं यापेक्षा तो कोण उतरवतं, याचंच मला वर्षानुवर्षं कुतूहल वाटत आलंय. ते लागलं वारंगा फाट्यावर. नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग मिळतात तिथे गाडीची वाट बघताना आसपासच्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बंजारा बाया दिसायच्या. कानांशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, केसांत टोपली, दंडावर पांढरा चुडा. हा चुडा पूर्वी हस्तिदंताचा नाहीतर हाडाचा असे, आता प्लास्टिकचा. नवरा गेला की घुगरी-टोपली उतरते. गावात हिरवी काच फुटते, तसंच.

सोन्याचं कायद्याने कधीच ठरवून टाकलंय. 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीचा पूर्ण हक्क मानला. म्हणजे पाटल्या तिच्या, बोरमाळ तिची. पण तिच्या मनगटावरची चार पैशांची काच फोडायला भावकी जमते, तेव्हा ती काच कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने. राजर्षी शाहूंची स्मृतिशताब्दी दोन दिवसांवर होती. 4 मे 2022 रोजी गावाने ठराव केला: कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद.

मला मात्र ठरावापेक्षा त्याआधीचा एक कागद अधिक मोलाचा वाटतो. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांचा एक सहकारी कोरोनाच्या पहिल्या लाटेत गेला. अंत्यविधीत त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडलेल्या, कुंकू पुसलेलं त्यांनी पाहिलं. मग त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की, माझ्यामागे माझ्या पत्नीवर ही सक्ती होऊ नये. दोन डझनांहून जास्त पुरुषांनी या घोषणेला पाठिंबा दिला आणि त्यानंतर हेरवाडने त्यांच्याशी संपर्क साधला. आपल्याकडे स्टॅम्पपेपर निघतो तो जमिनीसाठी, वाटणीसाठी. इथे एका नवऱ्याने बायकोच्या बांगड्यांवरचा मेल्यानंतरचा दावा सोडला. इतकं प्रेमाचं कायदेशीर लिखाण माझ्या वाचनात दुसरं नाही.

मंगळसूत्र हीच बेडी, ती राखण्यासाठी ठराव कशाला, असा एक आक्षेप असतो. मला तो पटत नाही. ज्याच्यासोबत आयुष्य काढलं त्याची खूण गळ्यात ठेवायची की पेटीत, हे तिने ठरवावं. तिला स्वतःला काढून ठेवावंसं वाटलं, तर तेही तिचंच.

1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. तिथे वस्तरा धरणारे हात परके होते, संप करू शकले. बांगड्या फोडणारे हात बहुधा नणंदेचे, जावेचे, शेजारणीचे. म्हणून हे काम जास्त अवघड.

17 मे 2022 रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यात वारंगा फाट्याचा कळमनुरी तालुकाही आला. पण हेरवाडची यादी हेरवाडच्या बायांची आहे. तीत घुगरी नाही, टोपली नाही, चुडा नाही. तांड्यावरची यादी तिथल्या बायांनीच सांगायला हवी, आणि ती तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांच्या बैठकीत बायांच्याच तोंडून मांडली जायला हवी.