जुन्या जीपला टायर किती मोठा?

जुन्या फोर-व्हील गाडीच्या टायरचा आकार तीन गोष्टींवर ठरतो: गाडी कोणत्या जमिनीवर चालणार, तिची यंत्रणा किती ताण सोसते आणि कायदा कुठवर मुभा देतो. बाजारात मात्र या तिन्हींऐवजी चौथीच गोष्ट निर्णय घेते, ती म्हणजे गाडी दिसते कशी. मोठ्या चाकांची उंच जीप नजरेत भरते, पण तीस वर्षे जुन्या गाडीत त्या चाकांची किंमत बेअरिंग, ब्रेक, स्टिअरिंग आणि क्लच मोजतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न अनेकांच्या रोजच्या वापराचा आहे. जुने नगर हे लष्कराचे शहर. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण खात्याची संस्था आणि खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखली जाणारी के.के. रेंज या तिन्हींमुळे मजबूत गाड्यांची ओळख इथल्या माणसाला जुनीच आहे. महिंद्राने 1947 साली मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-3बी, एमएम-540, कमांडर अशा गाड्या शेतावर आणि घाटात राबल्या. मारुतीची जिप्सी 1985 मध्ये 970 सीसी इंजिन घेऊन आली, 1996 मध्ये तिला 1300 सीसीचे इंजिन मिळाले. आजही रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांत या दोन घराण्यांचा वाटा मोठा आहे.

टायरवरचे आकडे

जिप्सीचा मूळ टायर 205/70 आर 15 या मापाचा. यातले 205 म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. 70 म्हणजे त्या रुंदीच्या 70 टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि 15 म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. यावरून चाकाची पूर्ण उंची काढता येते. 205 चे 70 टक्के 143.5, वर आणि खाली मिळून 287. पंधरा इंच म्हणजे 381 मिलिमीटर. दोन्ही मिळून 668 मिलिमीटर.

जुन्या जीपचे माप वेगळ्या पद्धतीने लिहितात. 6.00-16 म्हणजे सुमारे सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमवर बसणारा टायर. यात भिंतीची टक्केवारी नसते, कारण अशा टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असते. पूर्ण व्यास 28 इंचांच्या जरा वर जातो. 30x9.50 आर 15 असे लिहिले असेल, तर पहिला आकडाच पूर्ण व्यास असतो, 30 इंच म्हणजे 762 मिलिमीटर.

याच्या पुढे भार आणि वेगाची खूण येते. भारांक 96 असेल तर एक टायर 710 किलो पेलतो, 105 असेल तर 925 किलो. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा असता कामा नये. ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या जुन्या जीपवर टायरची नक्षी शिल्लक असते, पण रबर कडक होऊन भिंतीवर बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायर नक्षी पाहून चांगला ठरवू नये.

व्यास वाढला की काय बदलते

जिप्सीचे उदाहरण घेतले तर हिशोब स्पष्ट होतो. नव्या जिम्नीचा 195/80 आर 15 हा टायर 693 मिलिमीटर उंच भरतो, मूळ टायरपेक्षा पावणेचार टक्के मोठा. बोलेरोचा 215/75 आर 15 सुमारे 703 मिलिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडा अधिक. 235/75 आर 15 हा 733 मिलिमीटर, जवळजवळ दहा टक्के. तीस इंची टायर चौदा टक्के मोठा.

यातून गाडीची जमिनीपासूनची उंची वाढते, पण फक्त वाढीव व्यासाच्या निम्मी. बोलेरोच्या मापाने जिप्सीचा डिफरन्शियल साधारण 18 मिलिमीटर वर उचलला जातो, तीस इंची टायरने 47 मिलिमीटर. एवढ्या लाभासाठी बाकीची यंत्रणा काय देते, ते पाहावे लागते.

पहिले नुकसान ओढीचे. व्यास वाढला की प्रत्येक गिअर लांब होतो. तीस इंची टायरवर जिप्सीची जमिनीवरची ओढ सुमारे बारा टक्क्यांनी घटते. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही, पण भंडारदऱ्याच्या वरच्या चढावर पहिला गिअर अपुरा पडतो आणि चालक अर्धा क्लच दाबून गाडी ओढत राहतो. तिथे क्लच प्लेट जळते. यावर खरा उपाय डिफरन्शियलचे गिअर बदलण्याचा, आणि तो टायरपेक्षा महाग पडतो.

दुसरे नुकसान ब्रेकचे. मोठे, जड चाक थांबवायला जास्त जोर लागतो आणि जुन्या जीपला बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. घाट उतरताना ते तापतात, ओढ्यातून गेल्यावर भिजतात. अशा ब्रेकवर चाकाचा भार वाढवणे धोक्याचे आहे.

तिसरे, स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो. तीस इंची टायरवर काटा 60 वर असताना गाडी 68 च्या वेगाने धावत असते. चौथे, स्टिअरिंग बॉक्स, टायरॉड, किंगपिन आणि चाकांचे बेअरिंग यांची झीज वाढते. मागच्या दारावर टांगलेल्या जड स्टेपनीने बिजागरी सुटते आणि पत्र्याला चीर जाते.

रिमची रुंदी आणि ऑफसेट

प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचीच रिम चालते. जिप्सीची मूळ रिम साडेपाच इंची आहे. तिच्यावर 195/80 आणि 215/75 हे दोन्ही टायर नीट बसतात, पण 235/75 ला किमान सहा इंची रिम हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर मधला भाग फुगून लवकर झिजतो आणि वळणावर भिंत डोलते.

रिम बदलायची तर बोल्टच्या वर्तुळाचे माप जुळायला हवे. जुनी विलिस घराण्यातली जीप आणि जिप्सी दोन्हींना पाच बोल्ट आणि 139.7 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंचांचे वर्तुळ आहे. तरीही मधल्या भोकाचा आकार आणि ऑफसेट वेगळा असू शकतो. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातले अंतर. चाक बाहेर काढणारी रिम लावली की गाडी रुंद दिसते, पण बेअरिंगवर तरफेचा जोर पडतो, स्टिअरिंग जड होते आणि चिखल थेट दारावर उडतो. हब आणि रिम यांच्यामध्ये चकत्या घालून चाक बाहेर काढणे त्याहून वाईट.

जुन्या रिमला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. महायुद्धकाळातल्या लष्करी जीपची रिम दोन भागांची असून ते भाग नटांनी जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना हे नट सैल केले तर रिम फुटून जीव जाऊ शकतो. आधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडावी, मगच पान्याला हात घालावा. दुसरे, काही जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नट निघत नाही म्हणून पान्यावर उभे राहणारा माणूस तो नट आणखी आवळत असतो.

जिल्ह्यातल्या जमिनी

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चिखलाचा थर असतो आणि त्याखाली बहुधा घट्ट मुरूम किंवा कातळ. अशा जागी अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थराला धरतो, रुंद टायर मात्र वरच घसरतो. जुन्या जीपचा सहा इंची टायर या वाटांवर अजूनही उपयोगी पडतो, त्याचे कारण हेच.

नेवासा, शेवगाव, राहुरीकडची काळी माती वेगळी. ती पाण्याने फुगते, टायरच्या खाचांत लिंपून बसते आणि थोड्याच अंतरात टायर गुळगुळीत होतो. तिथे रुंद खाचांचा, फिरताना माती झाडणारा एम.टी. (मड टेरेन) टायर कामाचा. भिजलेली काळी माती खोल असेल तर खाली कठीण थर लवकर सापडत नाही, म्हणून रुंद टायर थोडा तरतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या रणगाड्यांचे रुंद पट्टे याच तत्त्वावर बनलेले आहेत: वजन जितक्या जास्त जागेवर पसरेल, तितका जमिनीवरचा दाब कमी.

पारनेर, कर्जत, जामखेडच्या माळावर धारदार दगड जास्त. तिथे टायरच्या भिंतीला चीर पडण्याची भीती असते, म्हणून उंच आणि मजबूत भिंत महत्त्वाची. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट असा मिश्र प्रवास असेल तर ए.टी. (ऑल टेरेन) प्रकारचा टायर बरा. लष्करी जीपचा जाड ठोकळ्यांच्या जुन्या नक्षीचा टायर दिसायला रुबाबदार असला, तरी ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते.

आकार न वाढवता पकड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा. नदीच्या वाळूत किंवा मऊ मातीत हवा 28 वरून 18-20 पौंडांवर आणली तर टायर लांबट टेकतो आणि गाडी निघते. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते, त्यासाठी पंप सोबत हवा. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.

चारही चाके सारखी

जुन्या जीप आणि जिप्सीत फोर-व्हील लावल्यावर पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल एकमेकांशी घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतो. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर असतील तर दोन्ही अ‍ॅक्सल वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि सारख्या झिजेचे हवेत. रेडियल आणि जुन्या बांधणीचे टायर मिसळू नयेत. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चारचाकीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी लागते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी जाते आणि त्या वेळी तपासणी होते. मडगार्डबाहेर आलेली चाके तिथे अडचणीत आणतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावरही वाद उभा राहू शकतो.

खरेदीआधीची तपासणी

नवे माप ठरवण्यापूर्वी जुने माप प्रत्यक्ष मोजावे. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून गाडी चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे ढकलावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. मग नव्या मापाचे एकच चाक उसने घेऊन पुढे बसवावे, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवावे, आणि ते चाक एखाद्या दगडावर चढवून कमानपाटे, मडगार्ड आणि ब्रेकच्या होजपासून किती जागा उरते ते बोटांनी चाचपावे. जागा नसेल तर स्टिअरिंगचे स्टॉपर आवळण्याचा सल्ला मिळतो, पण त्याने गाडीचे वळण मोठे होते आणि अरुंद घाटात तीच गाडी एका दमात वळत नाही.

या सर्व हिशोबातून निष्कर्ष असा निघतो: बहुतेक जुन्या गाड्यांना मूळ माप, योग्य नक्षी आणि योग्य हवा एवढे पुरते. 6.00-16 च्या जीपने त्याच मापाचे नवे, चांगल्या कंपनीचे टायर घ्यावेत. जिप्सीला उंची हवीच असेल तर 195/80 आर 15 हे माप यंत्रणेला सर्वांत कमी त्रास देते आणि 215/75 ही सोसता येईल अशी मर्यादा आहे, पण ही दोन्ही मापेही मूळ तपशिलात नसल्याने आरटीओकडे विचारूनच बसवावीत. त्यापुढे जायचे असेल तर आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि डिफरन्शियल यांचा खर्च मांडावा, टायरचा भाव त्यानंतर विचारावा.