कवडशापलीकडची धूळ

दादरच्या ज्या गल्लीत माझे बिऱ्हाड आहे तिच्यातील तीन जुन्या इमारती गेल्या काही वर्षांत पुनर्विकासासाठी पाडल्या गेल्या, आता चौथीची पाळी आहे, आणि तेव्हापासून आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत रोज सकाळी करड्या भुकटीचा, बोटाने नाव लिहिता यावे इतका जाड थर साचलेला असतो. कामाच्या मावशी तो ओल्या फडक्याने पुसतात, फडके बादलीत पिळतात, आणि पाण्याचा रंग पाहून दर दोन-तीन दिवसांनी न चुकता म्हणतात, "दादा, काल पुसलं होतं की हो हे." त्यांची तक्रार रास्त आहे, आणि पुष्कळ दिवस माझीही समजूत अशीच होती की जी धूळ फडक्यावर येते तिचाच आपल्याला उपद्रव आहे, परंतु या विषयात थोडे वाचन केल्यावर लक्षात आले की फडक्यावर आलेली धूळ ही बिचारी शरण आलेली धूळ असते, आणि खरी आरोपी अद्याप फरारीच आहे.

दुपारी कवडसा खोलीत उतरतो, त्यात सोनेरी कण तरंगताना दिसतात, आणि लहानपणापासून आपण त्यांनाच हवेतील धूळ मानत आलो. वस्तुतः जे कण उघड्या डोळ्यांना दिसतात ते आकाराने इतके मोठे असतात की नाकातील केस आणि घशातील ओलावा त्यांचा बहुतेक बंदोबस्त करतात, व उरलेले आपल्याच भाराने खाली बसतात. ज्याची धास्ती बाळगावी तो कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी व्यासाचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा हिस्सा असतो; तो सहसा खाली बसत नाही, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतो, त्याहूनही सूक्ष्म असलेले काही कण रक्तात उतरतात, आणि या सबबीने दमा-खोकल्यापुरता वाटणारा हा मामला हृदयविकार व अर्धांगवायूपर्यंत जाऊन भिडतो. त्याचा जन्म मुख्यत्वे ज्वलनातून होतो: मोटारींच्या इंजिनांतून, भट्ट्यांतून, पेटवलेल्या कचऱ्यातून, आणि ज्याची वाच्यता आपण सहसा करीत नाही त्या आपल्याच देवघरातून व स्वयंपाकघरातून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीची जी मर्यादा सुचवली ती घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम. आपल्या देशात २००९ पासून अमलात असलेले मानक ६० चे आहे. हवेच्या निर्देशांकाच्या सरकारी कोष्टकात १०० हा आकडा याच ६० वर बसवलेला असल्यामुळे, ज्या दिवशी हवा 'समाधानकारक' असल्याचा दाखला मिळतो त्या दिवशीही ती जागतिक मर्यादेच्या जवळजवळ चौपट मळलेली असू शकते. निर्देशांक आणि मायक्रोग्रॅम या दोन भिन्न मोजण्या आहेत हे ध्यानात न आल्यामुळे घरगुती मापकयंत्र घेणारे पुष्कळ लोक गोंधळतात. मीही गोंधळलो होतो.

मुंबईला धुराची तक्रार नवी नाही. गिरण्यांच्या चिमण्या धडधडत होत्या त्या काळात, १९१२ साली, या शहरासाठी धुराच्या उपद्रवाचा स्वतंत्र कायदा करावा लागला होता. त्या चिमण्या थंडावल्या, त्यांच्या जागी गगनचुंबी मनोरे उभे राहिले, आणि कोळशाच्या काजळीची गादी मोटारींच्या धुराने व सिमेंटच्या भुकटीने चालवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने बांधकामांभोवती पंचवीस ते पस्तीस फूट उंचीचे पत्रे उभारावेत, इमारत हिरव्या कापडाने वा ताडपत्रीने झाकावी व पाण्याची फवारणी करावी असे फर्मान काढले, आणि त्याच सुमारास उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन दिवाळीतील फटाक्यांना तासांची मर्यादा घातली. हिरवे कापड आमच्या गल्लीतही लागले, आणि यथाकाल फाटले. तो कारभार ज्यांचा आहे त्यांच्यामागे तगादा लावणे सोडू नये. तथापि फाटलेले कापड शिवले जाईपर्यंत श्वास तर घ्यावाच लागतो, म्हणून येथे लिहावयाचे आहे ते उंबरठ्याच्या आतल्या कारभाराविषयी.

या शहराची सारी भिस्त समुद्रावर आहे. दिवसा खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे समुद्राकडे जातात, आणि या येरझारीत हवा धुऊन निघते. परंतु हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटतात व मंदही असतात, रात्री जमीन निवली की तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन बसते, वरच्या उबदार थराचे झाकण तिच्यावर पडते, आणि शहराने ओकलेली घाण त्या झाकणाखाली पहाटेपर्यंत मुरत राहते. ऊन तापून खालची हवा वर चढू लागली म्हणजे झाकण उचलले जाते. पहाटे उठावे, खिडक्या सताड उघडाव्यात आणि प्रातःकालची शुद्ध हवा छातीत भरून घ्यावी, हा उपदेश ज्या वडीलधाऱ्यांनी केला त्यांच्या गावी तो खराच होता. पण डिसेंबर-जानेवारीतील मुंबईत वा पुण्यात सकाळी सहाची हवा ही पुष्कळदा दिवसातील सर्वांत वाईट हवा असते, आणि खिडकी उघडण्याचा सुमुहूर्त दुपारी बारा ते चारच्या दरम्यान पडतो. या उपायाला एक पैसाही लागत नाही, म्हणून तो मी अग्रस्थानी ठेवतो. माझ्या आईच्या गळी तो उतरवण्यास मात्र एक संपूर्ण हिवाळा खर्ची पडला.

दुसरा हिवाळा उदबत्तीवर खर्च झाला. एका मित्राकडून तळहाताएवढे मापकयंत्र चार दिवसांच्या बोलीवर आणले होते, ते संध्याकाळी देवघराजवळच्या फडताळावर ठेवले. खिडक्या बंद होत्या आणि आकडा दोन अंकी होता. आईने नेहमीप्रमाणे दोन काड्या लावल्या, आणि आरती आटोपण्याच्या आत आकडा तीन अंकी झाला. "अरे, बिघडलंय ते मशीन तुझं," आई म्हणाली, "वास किती छान येतोय बघ." वास छान येत होता यात शंका नाही, परंतु सुगंधाचा आणि शुद्धतेचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, आणि बंद खोलीत धूर सोडणारी काडी ही आकाराने लहान असली तरी भट्टीच्याच कुळातली आहे. डासांच्या कॉइलची गोष्ट तर याहून भयंकर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले होते की एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण बाहेर टाकते तितके निर्माण करण्यास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. म्हणजे ज्या घरात कोणी विडीला हात लावीत नाही त्या घरातील पाळण्याखाली आपण रात्रभर काय पेटवून ठेवतो याचा विचार करावा आणि माळ्यावरची मच्छरदाणी खाली काढावी. दिवाळीत मुलांच्या हाती निरुपद्रवी म्हणून दिली जाणारी नागगोळी घ्या: पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाक्यांच्या धुराची मोजणी केली तेव्हा लवंगी माळा व भुईचक्रे यांना मागे टाकून तीच पहिली आली, आणि तिच्या धुरातील कणांनी घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत उसळी घेतली होती. आवाज नाही म्हणून जिची कोणी तक्रार करीत नाही, तिची ही करणी.

आईशी शेवटी तह झाला तो असा की उदबत्ती सणावारी आणि तीही गॅलरीत तुळशीपाशी लावावी, एरवी निरांजन आणि फुले यांवर देवाने संतोष मानावा.

स्वयंपाकघरात तह शक्य नसतो, कारण फोडणीवाचून मराठी घर चालणार नाही. तेथे धुराला बाहेरची वाट काढून देणे एवढाच मार्ग. चिमणी घेताना तिची नळी भिंतीबाहेर जाते की ती तोच धूर गाळल्यासारखे करून पुन्हा ओट्यावर सोडते, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. दुसऱ्या जातीची चिमणी तेल पकडते, सूक्ष्म कण व वायू फारसे पकडीत नाही. साधा एक्झॉस्ट पंखा तळण सुरू करण्यापूर्वी लावला आणि तळण संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवला तर पुष्कळ काम होते. झाडूविषयी इतकेच की कोरडा झाडू बसलेली धूळ उठवण्याचे काम इमानाने करतो. लादी ओल्या फडक्याने पुसणे बरे, आणि अंगणात सडा घालून मग झाडण्याचा आपल्याकडचा जुना शिरस्ता या दृष्टीने पूर्ण शास्त्रशुद्ध होता.

आता कुंड्यांविषयी. मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि अरेका पाम ही झाडे खोलीतील हवा शुद्ध करतात अशी जी ख्याती आहे तिचे मूळ अमेरिकेतील नासा या संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. परंतु तो प्रयोग हवाबंद पेटीत केलेला होता, त्यात मोजले ते बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू, आणि धुळीच्या कणांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र परामर्श घेतला गेला तेव्हा निष्कर्ष निघाला की सामान्य घरात हवेची जी नैसर्गिक ये-जा असते तिच्याइतके काम झाडांकडून करवून घ्यायचे तर दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित हजारापर्यंत, झाडे लागतील. आमची झोपण्याची खोली अकरा चौरस मीटरची आहे. एकशे दहा कुंड्या ठेवल्यावर झोपायचे कोठे हा प्रश्न उरतो, आणि इतक्या ओल्या मातीत डासांची व बुरशीची जी वसाहत होईल तिच्यासाठी पुन्हा कॉइल आणावी लागेल. झाडे जरूर लावावीत. डोळ्यांना आणि मनाला त्यांचा आधार असतो. फुप्फुसांचा जिम्मा मात्र त्यांच्यावर टाकू नये.

तो जिम्मा घेऊ शकते ती गाळणी, आणि तिची कार्यपद्धती मोठी विलक्षण आहे. हेपा या नावाने ओळखली जाणारी ही जाळी, जिचा उगम १९४० च्या दशकात अणुबॉम्बच्या कारखान्यांतील किरणोत्सर्गी धूळ अडवण्याच्या गरजेतून झाला, ती चाळणीसारखी काम करते असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तिच्या तंतूंमधील फटी कित्येक कणांपेक्षा मोठ्या असतात. हवा त्या तंतूंच्या दाट रानातून वळणे घेत जाते तेव्हा मोठे कण भरलेल्या बैलगाडीसारखे वळणावर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. मध्यम कण वळतात खरे, पण जाताना तंतूला घासून तेथेच चिकटतात. आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात जत्रेत चुकलेल्या पोरासारखे इकडेतिकडे भरकटतात, म्हणून तेही कोठेतरी तंतूच्या हाती सापडतात. या दोन्ही टोकांच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण सर्वांत निसटते, आणि म्हणूनच जाळीची परीक्षा त्यांच्यावर घेतात. दहा हजारांतील केवळ तीन सुटले तर जाळी उत्तीर्ण.

परंतु उत्तम जाळीसुद्धा पुरेशी हवा तिच्यातून गेली तरच उपयोगाची, आणि येथेच गिऱ्हाईक फसते. दहा बाय बारा फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. ती ताशी पाच वेळा गाळली जावी असे धरले तर यंत्राने तासाला १६० घनमीटर शुद्ध हवा द्यावी लागते. हा आकडा खोक्यावर सीएडीआर या अक्षरांपुढे छापलेला असतो, तो नसेल तर खोके परत ठेवावे. शिवाय जो छापलेला असतो तो सर्वांत जोरात, कानठळ्या बसवीत चालणाऱ्या पंख्याचा. रात्री आपण यंत्र हळू करतो तेव्हा तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, सबब खोलीच्या हिशेबाहून दुप्पट ताकदीचे यंत्र घेणे शहाणपणाचे. विजेची धास्ती नको: पन्नास वॅटचे यंत्र दहा तास चालले तर अर्धे युनिट. खर्च आहे तो जाळी बदलण्याचा, आणि यंत्र घेण्यापूर्वी जाळीची किंमत विचारणारे गिऱ्हाईक दुकानदारांना फारसे आवडत नाही असा माझा अनुभव आहे.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी २०२० साली रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघा अमेरिकनांनी एक तजवीज करून ठेवली: चार चौकोनी गाळण्या उभ्या करून त्यांचा डबा करायचा, तळाला पुठ्ठा, माथ्यावर वर हवा फेकणारा पंखा, आणि सांधे चिकटपट्टीने बंद. गाळणी हेपाइतकी बारीक नसली तरी हवा भरपूर खेचली जाते आणि त्यामुळे गणित जमते. डबा दिसायला ओबडधोबड असतो, दिवाणखान्यात शोभत नाही.

वासासाठी व वायूंसाठी जाळीमागे सक्रिय कोळशाचा थर असतो, आणि हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो हे वाचून माझ्यातील कोकणी माणूस सुखावला. मात्र पातळ थर काही महिन्यांतच भरून जातो. हवेत ओझोन सोडून ती 'ताजी' करणारी यंत्रे घरात आणूच नयेत, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना घातक आहे. वातानुकूलन यंत्रावर भिस्त ठेवू नये. भिंतीवरचे साधे यंत्र खोलीतीलच हवा फिरवते आणि त्याची जाळी ढोबळ धूळच अडवते. खिडक्यांच्या फटी पट्ट्या लावून बुजवाव्यात, पण गॅस-गिझर असलेल्या न्हाणीघराचा झरोका चुकूनही बुजवू नये, आणि बंद खोलीत चार माणसे झोपत असतील तर दार किलकिले ठेवावे; उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड कोणतीच जाळी पकडीत नाही.

मार्चमध्ये मी जाळी बदलली. ऑक्टोबरात दुधासारखी पांढरी घातलेली ती जाळी काढली तेव्हा तिच्या घड्याघड्यांत घोंगडीच्या रंगाचे काहीतरी गच्च बसलेले होते. मावशींनी ती उजेडाकडे धरून निरखली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि विचारले, "दादा, ही धुवून नाही का चालायची?" चालत नाही, पाण्याने तंतूंची वीण बिघडते, असे मी सांगितले. "मग हे सगळं आधी कुठं जायचं हो?" असे म्हणत त्यांनी ते पुडके कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि हात दोनदा साबणाने धुतले.