डाव्या टोकाचा माणूस

२०१८ च्या जून महिन्यातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी आमच्याकडे आल्या. बेळगावचा पाऊस नुकताच सुरू झाला होता, आणि छत्री दाराशी ठेवता ठेवताच त्यांनी विषय काढला. १९७४ साली चर्चच्या पायऱ्यांवर घेतलेल्या एका समूहचित्रात त्यांचे यजमान उभे आहेत. त्या चित्राची मोठी प्रत करून मिळेल काय, अशी त्यांची पृच्छा होती. यजमान १९८७ साली वारले. लग्नाचा फोटो गळक्या छपराखाली सापडून केव्हाच गेला होता. नातवाने कुठलीशी लहान प्रत मोबाइलवर टिपून ठेवली होती खरी, परंतु आजीबाईंना भिंतीवर लावण्याजोगा, कागदावरचा फोटो हवा होता. "एकट्याला कापून नको, फादर. सगळ्यांबरोबर हवेत," असेही त्यांनी बजावले.

त्या समूहाची निगेटिव्ह आमच्या कोठीतील पत्र्याच्या डब्यात होती. आमच्या पूर्वीच्या एका धर्मगुरूंना छायाचित्रणाचा नाद होता. त्यांचा ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा गेला, पण निगेटिव्ह आणि एन्लार्जर मागे राहिले. ते यंत्र २०१६ साली आम्ही झाडूनपुसून उभे केले आणि न्हाणीघराशेजारच्या खोलीची अंधारखोली केली. स्कॅन करून संगणकावर हे काम अर्ध्या तासात होते, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि, तांबड्या दिव्याखाली डेव्हलपरच्या ताटात पांढऱ्या कागदावर हळूहळू माणसे उमटू लागतात, तो क्षण ज्याने एकदा पाहिला त्याला अर्ध्या तासाची बचत फारशी मोहात पाडीत नाही. हा आमचा हट्ट आहे, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

पहिली प्रत काढली. मधली माणसे ठीक आली. उजव्या टोकाचे गृहस्थ तर मिशीच्या केसांसकट आले. डाव्या टोकाला मात्र एक धूसर आकृती उभी होती, आणि तेच नेमके आजीबाईंचे यजमान होते. शिवाय सगळ्या चित्रावर एक राखी कळा होती. बायकांची पांढरी लुगडी पांढरी दिसत नव्हती. आम्ही फारसा विचार न करता आजीबाईंना सांगून टाकले की, फोटो काढतेवेळी तुमचे यजमान हलले असावेत. त्याला आता इलाज नाही.

आजीबाई थोडा वेळ प्रत न्याहाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे फोटोला हलणारे नव्हते, फादर."

त्या गेल्यावर आम्ही निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरली आणि भिंग लावून पाहिले. हे काम आधीच करावयास हवे होते. डाव्या टोकाच्या माणसाच्या सदऱ्याची चारही बटणे मोजता येत होती. तो मनुष्य हलला नव्हता. आम्ही मात्र त्याच्या पत्नीला तो हलल्याचे सांगून बसलो होतो.

मग दोष कोठे? एन्लार्जर हे तसे साधे यंत्र आहे. वर दिवा, त्याखाली प्रकाश एकवटणारी जाड भिंगे, मग निगेटिव्हची चौकट, त्याखाली चित्र फेकणारे भिंग आणि तळाशी कागद ठेवण्याची फळी. चित्राचा एकच कोपरा बिघडत असेल, तर गुन्हेगार तिघांपैकी एक असतो: निगेटिव्ह सपाट बसलेली नाही, यंत्र तिरपे आहे किंवा भिंगातच खोट आहे. तिघांना वेगळे करण्यास पैसा लागत नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट फिरवावी लागते.

आम्ही प्रथम निगेटिव्हची पट्टी अर्धवर्तुळात फिरवली, म्हणजे डाव्या टोकाचा माणूस उजवीकडे गेला. आणि काय आश्चर्य! यजमान स्पष्ट झाले आणि मिशीवाले गृहस्थ धुक्यात गेले. निगेटिव्ह निर्दोष सुटली. मग गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. निगेटिव्हची चौकट, भिंगाची पाटी आणि तळफळी ही तिन्ही परस्परांना समांतर असली पाहिजेत. आमच्या तळफळीवर पाणसळीचा बुडबुडा अर्धा सरकत होता. स्तंभाच्या बुडाशी पत्र्याची पातळ चकती सारून तो मध्यावर आणला. चित्र किंचित सुधारले, आणि त्या किंचित सुधारणेने आम्हांला आठ दिवस फसवले. रोग सापडला असे मानून आम्ही चकत्या बदलीत बसलो. अर्धा इलाज लागू पडला की मनुष्य पुढचा तपास सोडून देतो, हे दवाखान्यांतून आम्ही अनेकदा पाहिले होते. स्वतःवर आले तेव्हा ओळखले नाही.

अखेर भिंगाची पाळी आली. एन्लार्जरची बहुतेक लहान भिंगे ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसतात. आम्ही भिंगाच्या कडेला खडूचा ठिपका दिला, ते पाव फेरा सैल केले आणि चित्र पुन्हा साधून घेतले. परीक्षेसाठी निगेटिव्हही वेगळी घेतली: पूर्ण काळ्या झालेल्या फिल्मच्या तुकड्यावर बारीक सुईने पट्टीच्या आधारे उभ्याआडव्या रेघा ओढल्या. अशा रेघा प्रकाशात केसासारख्या लख्ख उमटतात, आणि चेहऱ्यांत डोळा अडकत नाही. खडूचा ठिपका पाव फेरा सरकला, त्याबरोबर धूसर कोपराही सरकला. अर्धा फेरा दिला, तो समोर गेला. दोष भिंगाच्या मागोमाग फिरत होता. यापुढे शंकेला जागा नव्हती.

ॲपर्चर एफ ४ वरून एफ ११ वर आणले की धूसरपणा पुष्कळ झाकला जाई, पण नाहीसा होत नसे. आणि राखी कळा तर जशीच्या तशी राही. येथे एक मौज सांगण्याजोगी आहे. कॅमेऱ्याचे भिंग धुरकट झाले तर चित्रातील काळोख फिका पडतो. एन्लार्जरमध्ये याच्या उलट होते. निगेटिव्हमध्ये जेथे सावली असते तो भाग पारदर्शक असतो. तेथून येणारा भरपूर प्रकाश धुरकट भिंगात विखुरतो आणि जेथे कागद कोरा राहावयाचा तेथे सांडतो. म्हणून आमच्या प्रतीत केस काळे होते, पण लुगडी मळली होती.

आमचे भिंग ५० मिलिमीटरचे, चार काचांचे. कार्ल झाइसच्या कारखान्यात पाउल रुडॉल्फ यांनी १९०२ साली जी टेसार नावाची रचना केली, त्याच घराण्यातले: पुढे दोन सुट्या काचा, मागे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. २०१६ साली ते आम्ही एका दुकानात साफ करावयास दिले होते आणि बाहेरून चकचकीत होऊन परत आले होते. आता तेच घेऊन पुन्हा गेलो, तर "भिंगाला काही झालेले नाही, तुमचीच निगेटिव्ह जुनी," असे उत्तर मिळाले. खडूच्या ठिपक्याची गोष्ट ऐकून घेण्यास त्यांना सवड नव्हती.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कामासाठी मुंबईस जाणे झाले, तेव्हा भिंग रुमालात गुंडाळून नेले. फोर्टातील बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे विचारीत विचारीत आम्ही एका माडीवर पोहोचलो. सत्तरीपलीकडचे एक कारागीर खिडकीशी बसले होते. त्यांनी भिंग हाती घेताच काचेकडे न पाहता काच धरून ठेवणाऱ्या कड्याकडे पाहिले. "फादर, हे आधी कोणीतरी उघडलंय," ते म्हणाले. कड्याच्या खाचांभोवती बारीक ओरखडे होते. योग्य स्पॅनरऐवजी टोकदार चिमट्याने ते फिरवले गेले होते.

मग त्यांनी बारीक टॉर्च तिरपा धरला. सरळ प्रकाशात जे भिंग स्वच्छ वाटत होते, त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि दुधाळ पडदा दिसला. धागे बुरशीचे होते. कोठीतील दमट हवेत ती वाढते आणि फार काळ राहिली तर काचेवरील लेप व काचही खाते. त्यानंतर ते मागच्या जोडकाचेकडे वळले. जुन्या भिंगांत अशा काचा कॅनडा बालसम नावाच्या राळेने चिकटवीत. ती सुटली की कडेला इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात. "हे सुटलं असतं तर मी हात लावला नसता," असे ते म्हणाले. आमची जोड शाबूत होती.

खरी परीक्षा शेवटी झाली. दिव्याचे प्रतिबिंब काचेच्या प्रत्येक पृष्ठावर उमटते. भिंग सावकाश फिरवले तर सरळ बसलेल्या काचांची प्रतिबिंबे जागच्या जागी राहतात. येथे एक ठिपका सोडून बाकीचे स्थिर होते. तो एक मात्र लहानसे वर्तुळ काढीत होता. दुसरी काच तिरपी होती. ही दोन्ही अंगांनी खोलगट काच या रचनेतील सर्वांत हळवी असते. ती केसभर ढळली तरी चित्राची एक बाजू बिघडते.

संध्याकाळी पुन्हा गेलो तेव्हा मेजावर कागदाची एक पुडी होती. दोन काचांमधल्या कड्याखाली सापडलेला काळ्या रंगाचा एक टवका तीत होता, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. आधी उघडणाऱ्याच्या चिमट्याने तो उडाला असावा, आणि त्यावरच काच बसवून कडे आवळले गेले. बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणाने निघाली. एका कडेला पुसट व्रण राहिला, तो राहणारच. मजुरीचे बाराशे रुपये झाले. भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावे आणि जेल ओले झाले की तापवून सुकवावे, ही सूचना त्यांनी दोनदा दिली. ज्या वाचकांकडे वडिलार्जित कॅमेरा कपाटात पडून असेल, त्यांनीही ती ध्यानात ठेवावी. आणि जुने भिंग विकत घेण्यापूर्वी त्यात तिरपा टॉर्च मारून पाहावा व कड्याच्या खाचा तपासाव्यात.

बेळगावास परतल्यावर प्रथम सुईच्या रेघांची परीक्षा घेतली. चारही कोपरे सारखे आले. मग समूहचित्र लावले. डेव्हलपरमध्ये आधी पायऱ्या उमटल्या, मग केस, मग डोळे. लुगडी शेवटपर्यंत पांढरी राहिली.

प्रत वाळल्यावर आम्ही ती घेऊन आजीबाईंच्या घरी गेलो आणि यजमान हलल्याचे आमचे बोलणे चुकीचे होते, हे प्रथम सांगितले. त्यांनी ते मनावर घेतल्याचे दिसले नाही. त्यांचे लक्ष फोटोकडे होते. चष्मा पुसून त्या डाव्या टोकाशी वाकल्या.

"हा सदरा त्यांच्या धाकट्या भावाचा," त्या म्हणाल्या. "म्हणून बाह्या आखूड आहेत बघा. स्वतःचा धुवायला टाकला होता त्या दिवशी."

मग त्यांनी आणखी दोन प्रती सांगितल्या, एक मोठ्या मुलीसाठी आणि एक वडोदऱ्याच्या धाकटीसाठी. आमच्या खोक्यात त्या वेळी कागदाची सात पाने शिल्लक होती.